शनिवारी परत गेलेलं चाक

राजेश्वरीच्या नाकावर राग होता असं म्हणणं म्हणजे तिच्यावर अन्यायच. नाकावर तर होताच, पण पदरात, चपलेत, फोन धरायच्या पद्धतीत, सगळीकडे होता. बाळीवेशीतली भाजीवाली ती येताना दिसली की किडकी वांगी आपणहून बाजूला काढायची. नवरा मृत्युंजय जेवताना मीठ कमी असलं तरी गपगुमान जेवायचा. पण कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, हेही तितकंच खरं. शाळेच्या गणवेशावरचे बिल्ले ती घरच्या पुढच्या खोलीत भरतकामाच्या मशीनवर भरायची. सूर्य, पुस्तक, मशाल, खाली संस्कृत वचन, आणि एक टाका इकडचा तिकडे नाही.

आता सोलापुरात गणवेश शिवणारे पैशाला पासरी. बिल्ले करणारेही काही कमी नाहीत, आणि त्यांच्याकडे दहा-दहा डोक्यांची, म्हणजे एका वेळी दहा बिल्ले भरणारी मोठाली मशीनं. राजेश्वरीचं मशीन एका डोक्याचं, जपानी, जुनं, एका बंद पडलेल्या कारखान्यातून घेतलेलं. घेताना घरात कोणी एक पैसा दिला नव्हता. सासरे चनमल्लप्पा तेव्हा हयात होते. "बाईमाणसाला कारखाना कशाला?" एवढं म्हणून त्यांनी पान तोंडात टाकलं होतं. तिनं माहेरच्या पाटल्या मोडल्या आणि मशीन आणलं. त्या घरातली भिंत नवऱ्याची, छप्पर सासऱ्याचं, भांडी सासूची. मशीन तेवढं तिचं होतं.

ते मशीन ऐन एप्रिलात बसलं. आतलं एक लोखंडी चाक, तळहाताएवढं, त्याचे दात झिजून पडले. सुई वर गेली ती वरच राहिली. आणि त्याच आठवड्यात तिच्या सगळ्यात मोठ्या शाळेनं निरोप धाडला, की यंदा बिल्ला बदललाय, मे संपायच्या आत नमुना दाखवा, नाहीतर काम दुसरीकडे देतो. दुसरीकडे म्हणजे दहा डोक्यांच्या मशीनवाल्याकडे. एकदा तिकडे गेलेली शाळा परत येत नसते. ती शाळा गेली असती तर मशीनच्या जागी दिवाण टाकायला घरातले टपलेलेच होते.

आधी ती मशीनच्या विक्रेत्याकडे गेली. त्यानं फोटो बघितला आणि हसला. "वहिनी, हे मॉडेल कवाच संपलं. भंगारात द्या, नवीन घ्या. हप्त्यावर देतो की." राजेश्वरी म्हणाली, "तुमचे वडील पण जुनं मॉडेल हाईत, त्यांना कुटं दिलात?" आणि निघून आली. मग लेथवाल्याकडून एक चाक करून घेतलं. दोन तास चाललं आणि दात तांदळासारखे खाली सांडले.

मग तिनं फोन हातात घेतला. मुलगा अमृत म्हणाला, मी शोधून देतो. तो 'देतो देतो' म्हणत जिमला निघून गेला. तेव्हा तिनंच शोधलं. मशीनवरचा नंबर टाकून, फोटो टाकून, नको त्या जाहिराती बघून, शिव्या देत देत. आणि सापडलं! जपानातल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराकडे तस्संच चाक होतं, वापरलेलं, पण दात शाबूत. किंमत तर अशी, की विक्रेत्याच्या दुकानात चहा-पाण्यालाही पुरायची नाही. राजेश्वरीला वाटलं, झालं काम. कसलं होतंय! खाली लिहिलं होतं, माल देशाबाहेर पाठवत नाही.

"देशाबाहेर पाठवत न्हाय म्हणं! मग इंटरनेटवर कशाला ठेवलायस, तुज्या गल्लीत ठेव की!" ती फोनवर ओरडली. फोन कुणाला लावलेलाच नव्हता, पण तिला तेवढं ओरडणं गरजेचं होतं.

चार दिवस खपून तिला वाट सापडली. तिकडे काही कंपन्या असतात, त्या आपल्याला तिथला एक पत्ता भाड्यानं देतात. दुकानदार त्या पत्त्यावर माल टाकतो, त्याला वाटतं गिऱ्हाईक शेजारच्याच गावचं. कंपनी तो माल ठेवून घेते आणि मग इकडे धाडते. सोपं आहे. पण धाडायचे दर बघितले आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! विमानानं तीन दिवसांत हवं तर मशीनच्या किमतीच्या जवळ जाणारा आकडा. जहाजानं स्वस्त, पण ते येईपर्यंत पोरं सहामाहीला बसली असती.

आणि वर आणखी एक चीड आणणारा प्रकार. चाक वजनाला जेमतेम नारळाएवढं. पण दुकानदारानं ते त्या भाड्याच्या पत्त्यावर धाडताना पाळण्याएवढ्या खोक्यात घातलेलं, सगळीकडून कागदाचे बोळे कोंबून. कुरियरवाले खोक्याचं माप घेतात आणि त्यावर वजन धरतात. म्हणजे हवेचे पैसे! राजेश्वरीनं त्या कंपनीला मोडक्यातोडक्या इंग्रजीत, जी भाषांतराच्या ॲपलाही समजली नसेल, पण राग मात्र पोचला असेल, असं लिहिलं, की ते खोकं फेकून द्या, चाक फडक्यात गुंडाळा आणि मावेल त्यातल्या सगळ्यात लहान डब्यात घाला. त्यांनी घातलं. दर निम्म्यावर आला. मग तिनं सगळ्यात जलद नको आणि सगळ्यात सावकाशही नको, मधली वाट धरली. मुंबईला कस्टमवाल्यांनी आधार कार्ड मागितलं, ते तिनं चिडचिड करत चढवलं. ड्युटी लागणार होती, ती पार्सल येईल तेव्हा दारात रोख द्यायची होती. ते पैसे तिनं वेगळे काढले आणि कपाटात ठेवले. सोमवारी पार्सल येणार असा मेसेजही आला.

पण जी माणसं जन्मात वेळेवर येत नाहीत, ती नेमकी त्या दिवशी वेळेआधी येतात. पार्सल आलं शनिवारी.

त्या शनिवारी राजेश्वरी आणि मृत्युंजय मंद्रूपला गेले होते, नणंदेच्या घरची वास्तुशांत होती. अमृत नेहमीप्रमाणे जिमला. घरात एकटी सासू, सुंदरम्मा, गुडघ्यांमुळे मागे राहिलेली. पंगती वाढण्याच्या गडबडीत राजेश्वरीचा फोन पिशवीत वाजून वाजून थांबला. संध्याकाळी एसटीत बसल्यावर तिनं तो काढला. मेसेज होता, पार्सल घेणाऱ्यानं नाकारलं आहे, माल पाठवणाऱ्याकडे परत जात आहे.

तिनं तो तीनदा वाचला. मग एसटीत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "कुणी नाकारलं? घेणारी मी हाय, मी तर हितं बसलेय!"

मृत्युंजय म्हणाला, "काहीतरी चूक झाली आसंल."

"तुमी गप बसा."

घरात पाऊल टाकल्या टाकल्या तिनं विचारलं, "अव्वा, पार्सल आलं हुतं?"

सुंदरम्मा कॉटवर शेंगा सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "आलं हुतं. परत धाडलं."

"परत धाडलं? का?"

"लोखंड हाय म्हणाला त्यो. शनिवारी लोखंड घरात घेत न्हाईत. सोमवारी आण म्हणलं."

झालं! बारुदावर काडी पडली. राजेश्वरीनं हातातली पिशवी आपटली, त्यातले वास्तुशांतीचे लाडू कॉटखाली गडगडत गेले. "शनिवारी लोखंड घेत न्हाईत? आपन लिंगायत हाव अव्वा, लिंगायताच्या घरात कसला आलाय शनी! जपानपासनं चाक आलं, समुद्र ओलांडून आलं, मुंबईचं कस्टम ओलांडून आलं, आनि तुमी त्याला उंबरा ओलांडू दिला न्हाय! त्यो कुरियरवाला काय दूधवाला हाय, सोमवारी परत यायला? त्यानं लिवलं नाकारलं, आनि चाक चाललं परत जपानला!"

शेंग फुटण्याचा आवाज तेवढा येत राहिला.

"आनि मागल्या महिन्यात तुमच्या नातवाचे डंबेल्स आले," राजेश्वरीनं कोपऱ्यातल्या त्या काळ्या गोळ्यांकडे बोट केलं, "ते कवा आले हुते? शनिवारीच! तवा तुमी स्वतः दारातनं ओढत आत आणलात! तवा शनी कुटं गेला हुता, कुर्डुवाडीला? का नातवाचं लोखंड वेगळं आनि सुनेचं वेगळं?"

याला मात्र सुंदरम्माचा हात थांबला. अमृतही दारात येऊन थांबला होता, तो आल्या पावली परत फिरला. आणि राजेश्वरीनं मनातल्या मनात निकाल लावून टाकला. म्हातारीनं मुद्दाम केलंय. तिला मशीन नकोच आहे, पहिल्यापासून नकोच होतं, तिला तिथं दिवाण हवाय.

रविवारी कुरियरचं ऑफिस बंद. राजेश्वरीनं मदतीच्या नंबरवर फोन लावला. एक बाई हिंदीतनं गोड आवाजात एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत राहिली. राजेश्वरीनं तिलाही सुनावलं, मग कळलं की ती रेकॉर्ड होती. शेवटी एक जिवंत माणूस भेटला. तो म्हणाला, पार्सल अजून सोलापुरातच आहे, अक्कलकोट रोडच्या गोदामात. सोमवारी दुपारची गाडी पुण्याला जाते, त्याच्या आत येऊन नकार चुकून दिला असं लिहून द्या आणि ड्युटी भरा. एकदा गाडी सुटली की आमच्या हातात काही नाही.

सोमवारी सकाळी राजेश्वरी तयार झाली आणि सासूला म्हणाली, "चला."

"मी कशाला?"

"नाकारलं तुमी. तुमीच सांगा तितं, शनिवार हुता म्हणून. तुमच्या तोंडानं सांगा. लोकांना बी कळू दे."

खरं तर सासूची काही गरज नव्हती. पार्सलवर नाव राजेश्वरीचं होतं, आधार कार्ड तिचं होतं, तिच्या सहीनं भागलं असतं. पण तिला सासूची फजिती बघायची होती, तीही चार लोकांत. दोन रात्री ती त्याच विचारानं तळमळली होती. मृत्युंजय म्हणाला, "अगं, तिचे गुडघे..." आणि राजेश्वरीनं त्याच्याकडे नुसतं बघितलं.

मे महिन्याचं ऊन, रिक्षाचं तापलेलं छप्पर. दोघी शेजारी बसल्या होत्या, तोंडं दोन बाजूंना करून. सुंदरम्मानं ठेवणीतलं इरकल नेसलं होतं, लग्नाला निघाल्यासारखं. त्याचाही राजेश्वरीला राग आला.

गोदामात पत्र्याखाली उकाडा मी म्हणत होता. टेबलामागे एक गोरटेलासा माणूस कॉम्प्युटरसमोर बसलेला, आणि पुढे सात-आठ जणांची रांग. कोणाचं मोबाईलचं खोकं, कोणाची साडी. राजेश्वरीचा नंबर आला. त्या माणसानं पार्सलचा नंबर टाकला, मान हलवली आणि म्हणाला, "हां, आहे. गाडीत भरायला काढलंय. नाकारायचं कारण काय झालं ते सांगा, मला लिहावं लागतं."

राजेश्वरीनं आवाज चढवला. तिला तो रांगेच्या शेवटापर्यंत जायला हवा होता. "कारण? लिवा की! शनी! शनिवार हुता, आनि लोखंड हुतं! आमच्या सासूबाईंनी शनीच्या भीतीनं परत लावलं. ह्याच त्या, बघा!"

रांगेत खसखस पिकली. एकजण म्हणाला, "आजी, तेलाचा डबा पण परत धाडता काय शनिवारी?" आणखी हशा झाला. टेबलामागचा माणूसही हसला, तोंडावर हात ठेवून. राजेश्वरीला जे पाहिजे होतं ते मिळालं होतं. तिनं वळून सासूकडे बघितलं.

सुंदरम्मा टेबलाची कड धरून उभी होती. डोक्यावरचा पदर तिनं नीट केला आणि त्या माणसाला म्हणाली, "त्ये लिवू नको. पैसे नव्हते म्हणून लिव."

"काय आजी?"

"पैसे. तुमचा माणूस दारात आला, पैसे दे म्हणाला, तर पार्सल देतो. माज्याकडं पैसे नव्हते. हाताशी एक रुपया नव्हता. म्हणून शनिवारचं सांगितलं." तिचा आवाज चढला नव्हता, पण कापत होता, आणि तो भीतीनं नव्हे तर रागानं, हे सगळ्यांना कळत होतं. "चनमल्लप्पाच्या घरात पैसे न्हाईत म्हणून सांगू व्हय दारात उभारून? परक्या माणसाला? शनीला काय, त्याला काही बी सांगितलं तर चालतं. त्ये डंबेल्सला पैसे द्यायचे नव्हते, म्हणून घेतले. आता लिव."

त्या माणसानं मान खाली घातली आणि काहीतरी टाईप करू लागला.

राजेश्वरीचा हात कमरेच्या चावीकडे गेला. पैसे होते की! मोजून, वेगळे काढून, कपाटात ठेवले होते. पण कपाटाला कुलूप होतं, चावी तिच्या कमरेला होती आणि कंबर मंद्रूपला पंगत वाढत होती. ड्युटी भरायची म्हणून तिनं पर्स उघडली आणि न मोजताच नोटा टेबलावर ठेवल्या. त्या माणसानं त्या मोजल्या, पावती दिली आणि आतून डबा आणून ठेवला. केवढासा डबा, मिठाईच्या पुड्याएवढा.

रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, "मला फोन का न्हाय केलात?"

"माज्या फोनमदी पैसे कवा टाकलेत कुणी? नुसता आलेला घ्यायचा फोन हाय त्यो."

"शेजारी मागायचे. मी आल्यावर दिले असते की."

"शेजारी मागू?" सुंदरम्मा पहिल्यांदाच तिच्याकडे वळली. "राजव्वा, मी तुज्याकडंच मागत न्हाय, शेजारी मागू? तुज्याकडं मागितलं की तू काय विचारतीस? 'कशाला?' देतीस, न्हाय म्हणत न्हाईस. पर आदी विचारतीस, कशाला. माजं लगीन झालं तवापासनं त्योच सवाल ऐकतेय. आदी तुजा मामंजी विचारायचा. मग ल्योक विचारायला लागला. मग चावी तुज्याकडं आली, तवा वाटलं, ही बाई हाय, हिनं पाटल्या मोडून मशीन घेतलंय, हिला कळंल. तू बी तेच विचारलंस."

राजेश्वरीच्या तोंडावर दहा उत्तरं आली. घर चालवायला हिशोब लागतो, महागाई किती आहे, मी काय उधळते का, हे सगळं. पण तिला गेल्याच आठवड्यातली गोष्ट आठवली. म्हातारी म्हणाली होती, थोडे पैसे दे, सिद्धेश्वराला जाऊन येते. आणि राजेश्वरीनं मशीनवरून मान न उचलता विचारलं होतं, "कशाला? देवाला फुलं तर घरातली नेता की." सासरेबुवा पान खाताना जसं विचारायचे, अगदी तस्सं. मग सुंदरम्मा गेलीच नव्हती.

तिला भयंकर राग आला. पण तो आता कुणावर काढायचा ते कळत नव्हतं, आणि ही गोष्ट तिच्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होती. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा ती रिक्षावाल्यावर ओरडली, की जरा सावलीला थांबव. तेवढ्यानं काही भागलं नाही.

बाळीवेशीत उतरल्यावर सासूनं डबा मागितला, "आण, मी धरते." राजेश्वरीनं तो तिच्या हातात दिला. सुंदरम्मा गुडघे धरत पायऱ्या चढली आणि तो पोटाशी धरून आत गेली.

मृत्युंजय वाटच बघत होता. दारातच म्हणाला, "मिळालं? बरं झालं बाई! चला, चुकून झालं सगळं."

"चुकून झालं न्हाई." राजेश्वरी चपला काढायची थांबली. "तुमच्या आईला महिन्याला हातखर्चाला काय देता तुमी?"

मृत्युंजय गोंधळला. हा प्रश्न त्याला आजवर कोणी विचारला नव्हता. तो हसला, बिचारा, मनात काडीचंही पाप नसलेलं हसला, आणि म्हणाला, "तिला? सगळं घरातच तर हाय की. तिला कशाला लागतात पैसे?"

मग जे झालं ते अख्ख्या गल्लीनं ऐकलं. "कशाला? कशाला लागतात म्हणे!" राजेश्वरीचा आवाज खालच्या किराणा दुकानापर्यंत गेला. "तुमी पान खाता तवा कुणी विचारतं कशाला? तुमचा पोरगा लोखंडाचे गोळे आणतो, त्याला विचारलं कुणी? जलमभर राबली ती ह्या घरात, आनि दारात उभारून खोटं बोलावं लागतं तिला! आनि मी! मी बी तुमच्याचसारकी निघाले!" शेजारच्या गंगम्मा हातातलं काम टाकून धावत आल्या. सासू-सुनेचं जुंपलं असणार, मध्ये पडावं लागणार, अशा तयारीनं आल्या होत्या. पण सासू आत मशीनजवळ पाटावर बसली होती, आणि विळीच्या पात्यानं डब्याची चिकटपट्टी कापत होती.